नायलॉन तारांची सिंथ गिटार: कीबोर्डवाल्याची जागा भरून निघेल का?

कोमल_निषाद (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. पुण्यात नोकरी सांभाळून भावगीतांच्या कार्यक्रमांत नायलॉन गिटारवर साथ करतो. ग्रुप लहान आहे. गायिका, तबला, बासरी कधी असते कधी नसते, आणि कीबोर्ड. म्हणजे होता. आमचा कीबोर्डवाला नोकरीपायी बंगळुरूला गेला आणि नवा जो मिळतो त्याला लग्नसराईत तारखाच नसतात.

सध्या डोक्यात वळवळणारा किडा असा: गोडिन कंपनीची मल्टियॅक नायलॉन, तेरा पिनांच्या सॉकेटची, सेकंडहँड मिळते आहे. जोडीला रोलंडचं जीआर-५५, म्हणजे गिटारच्या स्वरांवर दुसऱ्या वाद्यांचे आवाज काढणारं सिंथ यंत्र. गिटार वाजवता वाजवता मागे व्हायोलिनचा भरणा, मधल्या म्युझिकला बासरी, सगळं एकाच माणसाकडून.

आवाज उशिरा येतो असं जो तो म्हणतो. किती उशिरा? पिक न धरता बोटांनी वाजवणाऱ्याचं या यंत्राशी जमतं का? आणि दोन्ही मिळून जो आकडा होतोय तो घरी सांगण्यासारखा नाही, तेव्हा प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनीच बोलावं. व्हिडिओ बघून झालेत, तिथे सगळेच छान वाजवतात.

खडूस_काका
कीबोर्डवाल्याला दोनशे रुपये वाढवून द्या. विषय संपला.

कोमल_निषाद
काका, दोनशेत हल्ली त्याची जायची रिक्षा होते. यायची वेगळी.

तेरा_पिना
अरे वा, आपला विषय. जीआर-३० या जुन्या सिंथ यंत्राच्या काळापासून याच भानगडीत आहे, तेव्हा जरा सविस्तर.

लोक सुरुवातीलाच एक घोटाळा करतात. स्टीलच्या तारांच्या गिटारला ब्रिजजवळ रोलंडचा जीके-३ पिकअप चिकटवला की काम भागतं, कारण तो चुंबकावर चालतो. नायलॉनच्या तारेचं चुंबकाला काहीच सोयरसुतक नाही. फिशमनचं बिनवायरचं ट्रिपलप्लेही त्याच कारणाने बाद. म्हणून मल्टियॅकमध्ये प्रत्येक तारेखाली वेगळा पिझो सॅडल असतो, म्हणजे तार टेकते तिथेच कंपन पकडणारा पिकअप, आरएमसी कंपनीचा. सहा तारांचे सहा स्वतंत्र सिग्नल त्या जाड केबलमधून जातात. सातव्या पिनेवर गिटारचा नेहमीचा आवाज, पुढे व्हॉल्यूम आणि दोन बटणं, आणि शेवटच्या दोन पिनांवरून यंत्रच गिटारला अधिक-उणे ७ व्होल्ट पुरवतं.

आता उशीर. यंत्राला स्वर ओळखायचा तर तारेचं निदान एक आंदोलन पुरं व्हायला हवं. जाड ई ८२.४ हर्ट्‌झ, एका आंदोलनाला १२ मिलिसेकंद. बारीक ई ३२९.६ हर्ट्‌झ, तिथे ३ मिलिसेकंद. प्रत्यक्षात एका आंदोलनावर भागत नाही, शिवाय यंत्राचा स्वतःचा वेळ वर. त्यामुळे वरच्या तारांवर काही जाणवत नाही, आणि जाड तारेवर बास धरायला गेलात की तबलजी मान वळवून बघतो. कितीही महाग यंत्र आणा, हा भाग पैशाने जात नाही.

पळवाट आहे. बास एक सप्तक वर वाजवायचा आणि पॅचमध्ये (यंत्रात जुळवून ठेवलेल्या आवाजात) एक सप्तक खाली उतरवायचा. हात वेगळ्या जागी, आवाज खालचा. डोक्याला सवय व्हायला वेळ लागतो.

सरगम_आणि_चहा
वाखुसा (वाचनखूण साठवली)! तेरापिनाभाऊ, तुमचा आयडी आज समजला. मला वाटायचं शिवणकामाशी संबंध आहे.

मिक्सरमागचा_माणूस
साउंडवाल्याच्या बाजूने दोन शब्द. १२ मिलिसेकंदांत आवाज हवेतून साधारण चार मीटर जातो. आपल्याकडच्या हॉलमध्ये मॉनिटर (कलाकारांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून असलेला स्पीकर) कुठे ठेवतात ते सगळ्यांना माहीत आहे. फुलांच्या परडीला जागा हवी म्हणून मॉनिटर विंगेत. तिथून तुमच्या कानापर्यंत तेवढाच उशीर आधीच झालेला असतो. आधी मॉनिटर पायाशी आणा, मग यंत्राला शिव्या घाला.

बाकी मल्टियॅक स्टेजवर आली की मला आनंद होतो. आतून कोरलेलं भरीव अंग, पोकळ पेटी नाही, त्यामुळे स्पीकरच्या आवाजाने शिट्टी (फीडबॅक) मारत नाही. नेहमीच्या क्लासिकल गिटारसमोर माइक लावला की तबल्याचा डग्गा त्यातच घुमतो, आणि गायिका म्हणते "माझा आवाज वाढवा". वाढवू कुठून?

तेरा_पिना
@मिक्सरमागचा_माणूस, हिशेब बरोबर, पण मॉनिटरचा उशीर सगळ्या तारांना सारखा असतो. त्याला हात सरावतो. इथे एकाच कॉर्डमध्ये बारीक तार आधी बोलते आणि जाड तार मागून येते. कान अडखळतो तो त्या फरकाला.

पेटीमास्तर
धागाकर्ते, तुम्ही विचारलं नाहीत तरी बोलतो. गिटारवर बासरी वाजवायची हौस का? बासरीवाला श्वास घेतो, फुंक कमीजास्त करतो, स्वरावर हळूच येतो. तार एकदा छेडली की तिचा जोर उतरतच जाणार. त्या उतरत्या जोरावर बासरीचा नमुना चिकटवला की ऐकणाऱ्याला काहीतरी खटकतं, त्याला नाव देता येत नाही एवढंच. आणि मींड? नायलॉनची तार ओढून किती ओढाल?

मी स्वतः पेटीवाला आहे, मींड नसलेल्या वाद्यावर आयुष्य गेलं, म्हणून अधिकाराने सांगतोय.

खडूस_काका
मास्तर, शेवटच्या वाक्याला दाद. पेटीला आकाशवाणीने १९४० पासून पुढे काही दशकं बाहेर ठेवलं होतं ते याच कारणावरून ना? आता तुम्ही गिटारला बाहेर ठेवा.

पेटीमास्तर
काका, जखमेवर मीठ. पण मुद्दा तसाच उभा आहे.

तेरा_पिना
मास्तरांचा मुद्दा अर्धा मान्य. सिंथमधली बासरी बोटांच्या जोरावर सोडली तर ती खेळण्यातली वाटते. पायाशी व्हॉल्यूम पेडल हवंच. छेडताना पेडल मिटलेलं, मग उघडत न्यायचं. छेडल्याचा ठोका ऐकूच येत नाही, स्वर आतून उमलतो आणि तेवढ्यात उशीरही झाकला जातो. व्हायोलिनच्या भरण्यालाही हीच युक्ती.

मींडेचं म्हणाल तर नायलॉनवर तार आडवी ओढून अर्धा-पाऊण स्वर मिळतो, क्लासिकलवाले तार लांबीच्या दिशेने हलवून कंप देतात तोही यंत्र पकडतं. फक्त बाहेरचा सिंथ मिडीने (यंत्रांनी एकमेकांना स्वर कळवायच्या जोडणीने) जोडलात तर सहा तारांना सहा वेगळे चॅनेल द्या आणि पिच बेंडची (स्वर किती ओढता येईल त्याची) कक्षा दोन्हीकडे एकच ठेवा. इकडे १२ आणि तिकडे २ राहिलं की सगळं बेसूर, आणि माणूस उगाच खुंट्या पिळत बसतो.

रेडिओवेडा
अवांतर, पण राहवत नाही. यंत्रावर राग वाजवल्याने आभाळ कोसळत नाही. मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदातले चरणजित सिंग, मूळचे गिटारवाले, यांनी १९८२ साली रोलंडच्या ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या यंत्रांवर दहा रागांची रेकॉर्ड काढली. तेव्हा कुणी विचारलं नाही. पुढे २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा परदेशातल्या लोकांनी कपाळाला हात लावला, की हे अ‍ॅसिड हाउस, म्हणजे शिकागोतलं यंत्रांवरचं नाचाचं संगीत, शिकागोच्या आधी मुंबईत कसं?

पेटीमास्तर
ऐकली आहे. त्यातला मालकंस मला आवडला होता, हे इथेच राहू द्या.

सरगम_आणि_चहा
मास्तरांचा स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

क्वीबेकची_सून
गोडिनचं नाव दिसलं म्हणून लॉगिन केलं. मी मॉन्ट्रियलमध्ये असते. कंपनी इथलीच, रोबेर गोडिन यांनी १९७२ मध्ये ला पात्री नावाच्या लहानशा गावात सुरू केली. त्यांच्या साध्या क्लासिकल गिटारींच्या ब्रँडला त्या गावाचंच नाव आहे. इथे मल्टियॅक जॅझवाल्यांच्या हातात बरीच दिसते. बेनिनचे लिओनेल लुएके नायलॉन मल्टियॅकवर वाजवतात. तारांमध्ये कागद अडकवून, तोंडाने टकटक करत, आफ्रिकन वाद्यासारखा आवाज काढतात. सिंथ म्हणजे फक्त व्हायोलिनचा भरणा असं वाटत असेल तर त्यांना जरूर ऐका.

धागाकर्त्यांना एक विचारायचं आहे. तुमची आताची गिटार पूर्ण क्लासिकल मापाची आहे का? मल्टियॅकचा नट (खुंट्यांजवळची तारा टेकणारी पट्टी) ५२ मिमीपेक्षा अरुंद असतो आणि बोर्डाला किंचित गोलाई असते. इलेक्ट्रिकवरून येणाऱ्याला सोपं जातं, पण तुमची बोटं रुंद बोर्डाला सरावली असतील तर उजव्या हाताला सुरुवातीला दाटी वाटेल. ग्रँड कॉन्सर्ट नावाचं रुंद बोर्डाचं मॉडेलही आहे, सेकंडहँड बाजारात मात्र क्वचित दिसतं.

कोमल_निषाद
ताई, हो, पूर्ण मापाची आहे. हे कुणीच सांगितलं नव्हतं. मॉडेल कोणतं ते विकणाऱ्याला विचारतो.

माड_आणि_मांडो
मडगावहून नमस्कार. आमच्याकडे मांडोला (गोव्याच्या गाण्याचा प्रकार) व्हायोलिन, गिटार आणि घुमट हे मातीचं तालवाद्य. माझ्या मामाने व्हायोलिनवाला मिळेना म्हणून सिंथ गिटार आणली होती. पहिल्याच लग्नात घुमटवाल्याने जोरात थाप मारली आणि गिटारमधून आपोआप व्हायोलिन वाजलं! मामा हात वर करून उभा, वाद्य आपलं चालूच. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसरं, दमट हवा. कोकण-गोव्यात जूनपासून लाकूड फुगतं, तारांची उंची बदलते, आणि पिझो सॅडलवरचा दाब तारेगणिक वेगळा होतो. मग एक तार सिंथमध्ये मोठ्याने ओरडते, शेजारची कुजबुजते. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेल आणि सेटिंग पुन्हा नव्याने.

क्वीबेकची_सून
आमच्याकडे उलटं. हिवाळ्यात हीटरने घरातली हवा इतकी कोरडी होते की लाकडाला तडे जातात. केसमध्ये ओला स्पंज ठेवून आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राखतो. तुमचं जेल इकडे पाठवा, आमचा स्पंज तिकडे.

तेरा_पिना
मामांच्या किश्शावर हसून घेतलं, पण त्यामागचं कारण कामाचं आहे. पिझो तारेचं कंपन ऐकतो तसंच लाकडाचंही ऐकतो. शेजारच्या तारेचा धक्का, डाव्या हाताचं बोट जाड तारेवरून सरकताना होणारी किरकिर, गिटारवर बसलेला अंगठा, सगळं. यंत्राला त्यातही स्वर सापडतात. यालाच आम्ही भुतं म्हणतो.

भुतं घालवायची पद्धत: जीआर-५५ मध्ये आधी पिकअपचा प्रकार 'पिझो आर' निवडायचा, आर म्हणजे आरएमसी. पुष्कळ लोक तो जीके-३ वरच सोडतात. मग प्रत्येक तारेची सेन्सिटिव्हिटी वेगवेगळी लावायची. कार्यक्रमात जितक्या जोराने वाजवता तितक्याच जोराने छेडा, घरातल्या हळुवार हाताने नको. पडद्यावरची पट्टी शेवटापाशी पोचावी, पण तिथे चिकटून राहू नये. जाड तारा सहसा खाली आणाव्या लागतात.

हे झालं यंत्राचं. उरलेलं हाताचं आहे. बोटांनी वाजवणाऱ्याने न वाजणाऱ्या तारा मिटलेल्या ठेवायला हव्यात. मोकळी ए तार दुसऱ्या स्वराच्या नादाने आपोआप झंकारते, कानाला गोड लागते, आणि सिंथ तिला लगेच पॅड लावून मोकळा होतो. अंगठ्याची कड तिच्यावर टेकवून ठेवायची सवय लावा. रास्गेआदो (फ्लामेंकोतली नखांची झपाट्याची छेड) तर विसराच. भर्रकन सहा तारांवरून नखं फिरली की यंत्र गोंधळतं. ट्रेमोलोही तसाच. तीन बोटं एकाच तारेवर पाळीपाळीने येतात, येणारं प्रत्येक बोट आधी तार थांबवतं, आणि व्हायोलिनचा पॅच असेल तर टक-टक-टक असे तुकडे पडतात. मल्टियॅकच्या वरच्या कडेला ज्या सरकपट्ट्या आहेत त्यांत एक सिंथच्या आवाजाची असते. ट्रेमोलो आला की ती खाली, नुसती गिटार.

लॅपटॉपवाली_लता
एवढा खर्च करण्याआधी स्वस्त रस्ता सांगते. जॅम ओरिजिनचं मिडी गिटार नावाचं सॉफ्टवेअर आहे. साधा पिकअप असलेली कुठलीही गिटार ऑडिओ इंटरफेसमधून लॅपटॉपला किंवा आयपॅडला जोडायची, ते एकाच सिग्नलमधून सगळे स्वर वेगळे करतं. तेरा पिना नकोत, सहा पिकअप नकोत. माझ्या पिझोवाल्या साध्या नायलॉन गिटारवर मी हेच वापरते. कोणत्या तारेवर वाजवलंत ते त्याला कळत नाही, त्यामुळे बास एका आवाजात आणि वरच्या तारा दुसऱ्या, असं करायचं तर स्वराच्या उंचीवर वाटणी करावी लागते.

मिक्सरमागचा_माणूस
लॅपटॉप स्टेजवर? ऐन अंतऱ्यात अपडेट मागतो तो. आणि त्या चार्जरची घरघर माझ्या मिक्सरमध्ये येते, मग सगळे माझ्याकडे बघतात.

लॅपटॉपवाली_लता
वायफाय बंद, बॅटरीवर चालवायचा, सोबत डीआय बॉक्स (मिक्सरला सिग्नल स्वच्छ पोचवणारा डबा). एकदाही अडलं नाही. तुमचे कलाकारच बेशिस्त.

नवखा_नारद
माझा बावळट प्रश्न. नवीन यंत्रं आली असतील ना? सेकंडहँड जीआर-५५ च का?

तेरा_पिना
प्रश्न बावळट नाही. जीआर-५५ आलं २०११ मध्ये. २०२३ मध्ये रोलंडच्याच बॉसने जीएम-८०० काढलं, आवाज चांगलेच सुधारले आहेत, पण त्याला तेरा पिनांचं सॉकेटच नाही. नवीन डिजिटल जोडणी. जुन्या गिटारला जीकेसी-एडी नावाचा डबा मध्ये लावावा लागतो, म्हणजे खर्च वाढला. शिवाय त्यात गिटारचं मॉडेलिंग नाही. जीआर-५५ मध्ये दोन सिंथ आवाज, एक मॉडेलिंगचा आणि गिटारचा मूळ आवाज, असे चार एकत्र करता येतात.

मॉडेलिंगचा फायदा म्हणजे तिथे स्वर ओळखायची गरजच नाही. तारेचा सिग्नलच घडवून बदलला जातो, त्यामुळे तो उशीर नाही आणि भुतंही नाहीत. बॉसचं एसवाय-१००० मुख्यतः त्याच वाटेचं. त्यात बासरी, पियानो असे नमुन्याचे आवाज मात्र मिळणार नाहीत.

खडूस_काका
एवढ्या वेळात कीबोर्ड शिकून झाला असता.

कोमल_निषाद
काकांना सादर नमस्कार करून पुढची हकीकत सांगतो. तेरा_पिना यांच्याशी व्यनि (व्यक्तिगत निरोप) झाले, रविवारी ठाण्याला त्यांच्या घरी जाऊन आलो. वहिनींच्या हातची थालीपिठं खाऊन मग त्यांची मल्टियॅक मांडीवर घेतली.

उशिराची भीती वाटत होती, पण व्हायोलिनच्या भरण्यावर तो सापडलाच नाही. पॅच बदलून पियानो लावला आणि लगेच सापडला. डी तारेवर धून धरली तर बोट पुढे आणि पियानो मागे. मग त्यांनी गिटारचा मूळ आवाज मिसळला, सिंथ अर्ध्यावर आणला. तार छेडल्याचा ठोका खऱ्या नायलॉनचा, मागची लांबण सिंथची. पियानोही बराच सुसह्य झाला.

मास्तर, बासरीचं तुमचं खरं आहे. पेडल लावून ठीकठाक वाटली, पण गायिकेच्या आवाजाशेजारी ती ठेवायची हिंमत होणार नाही. चेलो मात्र गिटारवर शोभला. एकेक स्वर, मधल्या सप्तकात, सावकाश.

नटची दाटी जाणवली. ताईंचे आभार. विकणाऱ्याकडची रुंद बोर्डाची नाही, पण हात तासाभरात वळायला लागला.

आता कल असा आहे की गिटार घ्यायची, कारण सिंथ बाजूला ठेवला तरी स्टेजवर शिट्टी न मारणारी नायलॉन म्हणून ती मला हवीच आहे. यंत्र तेरा_पिना सध्या वापरायला देत आहेत.

पेटीमास्तर
चेलोचं ऐकायला येईन. पुढचा कार्यक्रम कधी?

कोमल_निषाद
कोजागिरीला, गच्चीवर. जरूर या, पेटी घेऊनच या.

मिक्सरमागचा_माणूस
गच्ची म्हणजे जनरेटर. यंत्राला स्टॅबिलायझर लावा. आणि कुणाचा अमेरिकेहून आणलेला अडॅप्टर असेल तर त्यावर १००-२४० लिहिलंय का ते बघा. नुसतं १२० लिहिलेला आपल्या २३० व्होल्टला लावलात तर वास आधी येतो, आवाज नंतर.

तेरा_पिना
सेकंडहँड गिटार घ्यायला जाल तेव्हा हे बघा. नुसत्या जॅकवर वाजवून पटवून घेऊ नका, माझं यंत्र बरोबर न्या आणि सहाही तारा सिंथमधून एकेक ऐका. एका सॅडलची वायर गेलेली असते आणि साध्या आवाजात ते लक्षात येत नाही. तेरा पिनी सॉकेट हलवून बघा, लडबडत असेल तर भाव पाडा. ९ व्होल्टच्या बॅटरीचा कप्पा उघडा. जॅक तसाच लावून ठेवला की बॅटरी उतरते आणि वर्षभर पडून राहिली की आत गळते.

कोमल_निषाद
नोंद केली. केबल वेगळी घ्यावी लागेल ना?

तेरा_पिना
दोन घ्या. पाच मीटरच्या, दोन्ही टोकांना खिट्टी असलेल्या. ही केबल नेमकी हवी तेव्हा पुण्यातल्या दुकानात मिळत नाही, आणि एखादी पिन वाकली की एकच तार मुकी होते. गुंडाळताना कोपरावर पिळून गुंडाळू नका, मोठी सैल वेटोळी करा.

नवखा_नारद
रच्याकने (जाता जाता), कोजागिरीला आम्हालाही बोलावणं आहे का?

कोमल_निषाद
या की. मसाला दूध मोजकंच आहे, लवकर या.